करवंदीची जाळी: डोंगरातली आणि बंगल्यातली

आज मी तुमच्याशी करवंदीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ताई, करवंद काय आम्हाला नवीन आहे? उभा जन्म करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडून घेण्यात गेला, त्यात आणखी काय सांगणार? मलाही असंच वाटायचं. पण तीन वर्षांपूर्वी या करवंदीपायी माझ्यावर मान खाली घालायची वेळ आली. म्हणून मी तिच्या मागे लागले, आणि मग तिच्या पोटात केवढा इतिहास दडलाय ते कळलं. तोच आज सांगते.

झालं असं, की मृगाच्या तोंडावर एका रोपवाटिकेचा माणूस आमच्या गटाच्या बैठकीला आला. सोबत छोट्या पिशव्यांत रोपं. गुडघ्याएवढी, गोल, दाट, हिरवीगार चमकदार पानं आणि पांढरी चांदणीसारखी फुलं. तो म्हणाला, "हे बुटकं करवंद. कुंडीत लावा, परसात लावा, उन्हाला दाद देत नाही. पाणी कमी, फळ बारमाही आणि लिंबाएवढं." आमच्या बायांचे डोळे चमकले. डोंगर चढायला नको, घरच्या घरी करवंद! गटात दहा जणी. प्रत्येकीला तीन, अशी तीस रोपं घेतली. एक रोप १२० रुपयांना, म्हणजे ३,६०० रुपये. पैसे गटाच्या बचतीतले. ठराव लिहिला मी, सही केली मी.

रोपं जगली. फुललीही. पहिल्या वर्षी फुलं, दुसऱ्या वर्षी फुलं. फळ मात्र एकही नाही. एका बैठकीत आमच्या मावशी म्हणाल्या, "ताई, हे फूल वासाला घ्यायचं का पोटाला?" सगळ्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. एकीनं तर स्पष्टच विचारलं, की त्या माणसाकडून ताईंना काही मिळालं होतं का? बचत गटात काम करणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा घाव नसतो. दोघी जणी गट सोडायच्या गोष्टी करू लागल्या. त्या माणसाचा फोन तोवर लागेनासा झाला होता.

मग मी एका कुंडीतलं रोप आणि डोंगरातल्या करवंदीची एक फांदी घेऊन तालुक्याच्या गावी, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून फूल पाहिलं, पान चुरगळून चीक पाहिला आणि म्हणाल्या, "या दोघी बहिणी आहेत. पण एकीचं माहेर सह्याद्री आणि दुसरीचं आफ्रिका." तिथून ही गोष्ट सुरू होते.

आपली करवंद

आधी आपल्या बहिणीचं बोलू. संस्कृतात करवंदाला 'करमर्द' म्हणतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ते आंबट फळांमध्ये येतं. म्हणजे हे फळ आपल्या ताटात फार जुनं आहे. पण आपल्या डोंगरात करवंदी कोणी लावली नाही. पाखरांनी फळं खाल्ली, बी टाकलं आणि जाळी झाली. जाळी म्हणजे नुसतं झुडूप नव्हे. तिच्या काट्यांच्या आत गुरांचं तोंड जात नाही. म्हणून तिच्या आडोशाला दुसऱ्या झाडांची रोपं वाढतात. सशाला, तित्तिराला तिथे घर मिळतं. उघड्या खडकाळ माळावर पहिली माती धरून ठेवणाऱ्यांत ती असते.

आणि वैशाख-ज्येष्ठात, कणगीतलं धान्य तळाला गेलेलं असतं, पेरणीचा खर्च समोर उभा असतो, तेव्हा नेमकी करवंदं पिकतात. आपल्या आया-आज्या पहाटे डोंगर चढायच्या, पाटी भरून उतरायच्या, पानांचे द्रोण लावून घाटरस्त्याला नाहीतर एस.टी. स्टँडवर बसायच्या. "डोंगरची काळी मैना" ही हाक आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या पैशांतून पोरांची वह्या-पुस्तकं आली, बियाणं आलं. या कमाईची कुठल्या दप्तरात नोंद नाही. ती बाईच्या कनवटीला आली आणि घरात विरघळली.

लहानपणी आपण करवंद दाताने अर्धं तोडून विचारायचो, "कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हा खेळ लक्षात ठेवा. पुढे याच प्रश्नाने आमची अडचण सोडवली.

पुस्तकातली एक जुनी नोंद आपल्या शेजारच्या गोव्यातली आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि पुढे जन्मभर तिथेच राहिला. मुंबई बेटावर त्याने जागा घेऊन बाग केली होती. इथल्या औषधी झाडांवर त्याने प्रश्नोत्तरांच्या रूपात एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात वेलदोड्याच्या प्रकरणातच करवंदाची माहिती आहे. नाव दिलंय 'करांदास'. दोनशे वर्षांनी, १७६७ साली, स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस याने करवंदीला शास्त्रीय नाव दिलं, 'कॅरिसा कॅरॅन्डस'. त्यातलं 'कॅरॅन्डस' म्हणजे आपल्याकडच्याच बोलीतलं नाव, लॅटिनचा कोट घातलेलं. म्हणजे जगभरच्या पुस्तकांत ही झाडी आपल्याच भाषेच्या ओळखीनं वावरते.

मिठाआड उभं केलेलं कुंपण

आता करवंदीच्या आयुष्यातलं एक काळं पान सांगते. यात तिचा काही दोष नाही, पण तिला कामाला लावलं गेलं.

इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता हे आपल्याला माहीत आहे. पण तो सगळीकडे सारखा नव्हता. बंगाल इलाख्यात आणि उत्तरेकडे तो भारी होता, मुंबई आणि मद्रास इलाख्यांत कमी. शिवाय राजपुतान्यातल्या संस्थानांत सांभर सरोवराचं मीठ स्वस्त मिळायचं. साहजिकच माणसं स्वस्त मीठ डोक्यावर, उंटावर, बैलावर घालून पलीकडे न्यायची. हे थांबवायला इंग्रज सरकारनं देशाच्या मधोमध एक जकातीची रेषा आखली. ती वाढत वाढत सिंधू नदीपासून पार ओरिसाकडे महानदीपर्यंत गेली. लांबी जवळजवळ ३,७०० किलोमीटर, आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसं पहाऱ्याला.

आधी या रेषेवर वाळलेल्या काट्यांचं कुंपण टाकत. पण वाळवी लागायची, वणवा लागायचा, वादळात उडून जायचं. १८६७ साली ॲलन ह्यूम नावाचे अधिकारी या खात्याचे प्रमुख झाले. हेच ह्यूम पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. त्यांनी ठरवलं, की मेलेलं कुंपण नको, जिवंत कुंपण हवं. मग जिथे जी काटेरी झाडं तग धरतील ती लावली: बाभूळ, बोर, निवडुंग, थोर आणि आपली करवंदी. रोपं जगावीत म्हणून चर खणले, बांध घातले, खराब जमिनीत दुसरीकडची माती आणून टाकली. जिथे कुंपण चांगलं जमलं तिथे ते दहा फुटांहून उंच आणि सहा फुटांहून जाड होतं. ही जिवंत झाडांची भिंत पंजाबातून निघून दिल्ली-आग्र्याच्या बाजूने खाली बऱ्हाणपूरपर्यंत येत होती. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खानदेशाच्या अगदी उंबऱ्यावर.

जरा विचार करा. बाईनं चुलीवर आमटी ठेवली आहे आणि चिमूटभर मिठासाठी तिच्या घरधन्याला काट्यांच्या भिंतीपलीकडे चोरून जावं लागतंय. सापडला तर दंड नाहीतर तुरुंग. उन्हाळ्यात राबणाऱ्या माणसाला मीठ म्हणजे चैन नव्हे. घामावाटे मीठ जातं, ते परत मिळालं नाही तर अंगातली ताकद जाते. गुरांनाही ते लागतं. आणि हे सगळं अडवायला उभी केली कोण? जी करवंदी डोंगरातल्या गरिबाला उन्हाळ्यात खायला घालते तीच.

पुढे सरकारनं सांभरचं मीठ स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि ठिकठिकाणचा कर बराचसा सारखा केला. मग चोरून मीठ नेण्यात फायदा राहिला नाही, कुंपणाची गरजही राहिली नाही. १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा बंद झाली. शेतकऱ्यांनी झाडं तोडली, जमीन कसायला घेतली, कुठे त्या बांधावरून रस्ते गेले. एवढं प्रचंड कुंपण लोकांच्या आठवणीतूनही पुसलं गेलं. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकाने जुन्या पुस्तकातली एक नोंद वाचून त्याचा शोध घेतला, तेव्हा उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात त्याचा एक उरलासुरला तुकडा सापडला. त्यावरचं त्याचं पुस्तक २००१ साली आलं.

कुंपण गेलं, कर मात्र राहिला. १९३० साली गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं ते त्याच कराविरुद्ध. मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि कायदा मोडून मीठ विकू लागल्या. मिठाची लढाई ही चुलीची लढाई होती, म्हणून बायका त्यात आपणहून आल्या.

नाताळची बहीण

आता दुसऱ्या बहिणीकडे वळू. आमच्या कुंडीत आली ती. तिला इंग्रजीत 'नेटाल प्लम' म्हणतात. नेटाल म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा पूर्वेकडचा किनारा. गंमत बघा, आपण ख्रिश्चन लोकांच्या सणाला 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. १४९७ साली वास्को द गामा भारताकडे येत होता. त्याचं जहाज आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याजवळ होतं तेव्हा नाताळचा सण होता, म्हणून त्याने त्या किनाऱ्याला 'नाताल' नाव दिलं. पुढच्या वर्षी तो कालिकतला पोहोचला. म्हणजे आपला नाताळ आणि करवंदीच्या या बहिणीचं माहेर, दोन्हींचं नाव एकाच शब्दातून आलंय.

तिकडचे झुलू लोक या फळाला 'अमातुंगुलू' म्हणतात. समुद्रकाठच्या वाळूत, खारट वाऱ्यात ती वाढते. पान आपल्या करवंदीपेक्षा जाड आणि चकचकीत. काटा टोकाला दोन फाट्यांचा, गोफणीच्या बेचक्यासारखा. फूल मोठं, पांढरं, मोगऱ्यासारखा वास. फळ पिकल्यावर काळं होत नाही, लालभडक होतं, आणि चांगलं जमलं तर खरंच लिंबाएवढं असतं. त्या रोपवाटिकेच्या माणसानं त्यात खोटं सांगितलं नव्हतं.

त्या किनाऱ्यावर आपली माणसंही गेली आहेत. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' नावाचं जहाज मद्रासहून मजुरांना घेऊन डर्बन बंदराला लागलं. ऊसमळ्यांवर करारानं काम करायला पुढच्या पन्नास वर्षांत दीड लाखांवर भारतीय तिथे गेले. त्यांत बायकाही होत्या, कडेवर पोरं घेऊन. त्या मळ्यांच्या वाटांवर, समुद्रकाठच्या झाडीत हीच करवंदीची बहीण उभी होती.

डर्बनमध्ये १८४९ साली एक वनस्पती उद्यान सुरू झालं. बाहेरची पिकं तिथे रुजतात का हे पाहणं हा त्याचा एक हेतू होता. या उद्यानातून १९०३ साली डेव्हिड फेअरचाइल्ड नावाचा अमेरिकी माणूस या झाडाचं भरपूर बी घेऊन गेला. अमेरिकेच्या शेती खात्यात परदेशी झाडं गोळा करायचा विभाग होता, तो त्याचा प्रमुख. मायामीच्या सरकारी बागेत त्या बियांपासून हजारो रोपं तयार झाली आणि फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अशा उष्ण भागांत लोकांना लावून बघायला दिली गेली.

झाड बुटकं कसं झालं

सरकारला हवं होतं फळ. लोकांना आवडलं झाड. तिथल्या बंगल्यांना समुद्रकाठी टिकणारं, कडक उन्हात हिरवं राहणारं, कापून हवा तो आकार देता येणारं कुंपण हवं होतं. हजारो रोपांत काही उंच झाली, काही जमिनीलगत पसरली, काही अगदी गुडघ्याएवढी राहिली. काहींना काटे कमी होते. बियांपासून झाडं केली की असं होतंच, एका आईची लेकरं तरी कुठे सारखी असतात! माळ्यांनी त्यांतली बुटकी, दाट, कमी काट्यांची रोपं निवडली. त्यांच्या फांद्या लावून पुन्हा तसलीच रोपं केली, त्यांना नावं दिली, विकली. फळासाठी निवडलेल्या जातीही होत्या, पण बाजार शोभेच्या रोपांचा वाढला.

इथेच गोष्टीची मेख आहे. आपण जे निवडतो ते वाढतं आणि ज्याकडे बघत नाही ते हळूहळू गळून जातं. पान, आकार, फूल बघून निवडलेल्या बुटक्या जातींत फळाचं प्रमाण कमी राहिलं. बायांनो, आपल्या गावरान बियाण्यांचंही असंच झालंय ना? दिसायला सुंदर वांगं निवडता निवडता चव कुठे गेली ते कळलं नाही.

दुसरं कारण फुलात होतं. या झाडाला जरी सगळीकडे सारखीच फुलं दिसली, तरी त्यात दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेच्या फुलात पुंकेसर लांब असतात आणि त्यात पराग असतो, ते नराचं काम करतं. दुसऱ्या तऱ्हेच्या फुलात पुंकेसर आखूड आणि रिकामे, ते मादीचं काम करतं. तिकडे आफ्रिकेत रात्री उडणारे पतंग आणि छोटे किडे एकीचा पराग दुसरीला पोहोचवतात. आता एकाच झाडाच्या फांद्या लावून हजार रोपं केली, तर ती हजार नव्हेत, एकच झाड हजार ठिकाणी उभं आहे. सगळी कोंबडी नाहीतर सगळी कोंबडा. मग फळ धरणार कसं? आपल्याकडे पपईच्या बागेत नराचं एखादं झाड ठेवतात ते कशासाठी, ते आठवा.

कॉलेजातल्या बाईंनी आमचं फूल उलगडून भिंगाखाली दाखवलं. पुंकेसर आखूड, आत पराग नाही. आमची तीसच्या तीस रोपं 'कोंबडी' होती.

आमचा प्रयोग

आता कोंबडा कुठून आणायचा? बाईंनीच आठवण करून दिली, की तालुक्याच्या गावी जुन्या विश्रामगृहाच्या कुंपणात याच जातीची जुनी, उंच वाढलेली झुडपं आहेत. आम्ही चौघी गेलो. वॉचमनला वाटलं फुलं चोरायला आल्या. त्याला सगळं समजावलं तेव्हा तोच फांद्या वाकवून द्यायला लागला. काही झुडपांच्या फुलांत पिवळा पराग निघाला. ती फुलं डब्यात घालून घरी आणली. काडेपेटीच्या काडीला कापसाचं अगदी बारीक टोक गुंडाळलं, पराग घेतला आणि आमच्या फुलांत हलक्या हातानं लावला. ज्या फुलाला लावला त्याच्या देठाला लाल दोरा बांधला.

अशी ५२ फुलं केली. १९ ना फळ धरलं. काही गळाली, काही पाखरांनी नेली. शेवटी १४ फळं पिकली. मावशींनी पहिलं फळ सगळ्यांसमोर तोडलं, आत लाल गर निघाला, त्या ओरडल्या, "कोंबडा!" बैठकीत त्या दिवशी जे हसू फुटलं ते मी जन्मात विसरणार नाही. १४ फळांनी ३,६०० रुपये भरून निघत नाहीत, हे मलाही कळतं. पण माझ्यावरचा संशय गेला. दोघी जणी गटात राहिल्या. आणि आम्ही एक ठराव केला, की यापुढे गटाच्या पैशातून कुठलंही रोप घ्यायचं तर चार गोष्टी विचारायच्या: हे झाड मूळ कुठलं? बियांपासून केलंय की फांदीपासून? फळ धरायला दुसरं झाड लागतं का? आणि फळ धरलेलं झाड कुठे बघायला मिळेल? विकणारा एकाही प्रश्नाला अडखळला तर एकच रोप घ्यायचं, तीस नाही.

ज्यांच्याकडे ही बुटकी करवंद आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिला भरपूर ऊन हवं, सावलीत फुलं कमी येतात. मुळाशी पाणी साचू देऊ नका. कुंडीच्या तळाला भोक आणि खापराचे तुकडे हवेतच, मातीत वाळू मिसळा. रुजल्यावर ती कमी पाण्यावर निभावते. सारखी कापू नका, कारण फुलं फांदीच्या शेंड्याशी येतात. शेंडे छाटले तर फूलही गेलं. फळ पूर्ण लाल आणि मऊ झाल्यावरच खा. पान, फांदी, बाकी काही तोंडात घालू नका, पोरांनाही सांगा. फळ शिजवताना चीक भांड्याला चिकटतो. राखेनं घासत बसू नका, आधी तेलाचं बोट फिरवा, मग सुटतो.

आणि डोंगरातली जाळी?

मैत्रिणींनो, खरी गोष्ट इथे आहे. विश्रामगृहातून परत येताना आमची जीप डोंगराच्या कडेनं आली. जिथे आम्ही लहानपणी करवंदं वेचली त्या उतारावर आता प्लॉट पडलेत. जेसीबीनं जाळ्या उपटून एका बाजूला ढीग घातला होता. तारेचं कुंपण झालं होतं. आणि एका नव्या बंगल्याच्या फाटकाशी, ओळीनं, गोल कापलेली, तीच बुटकी आफ्रिकेची करवंद लावली होती. आम्ही चौघी गप्प बसलो. मावशी एवढंच म्हणाल्या, "फळ देणारी काढली, न देणारी लावली."

मी कोणाला दोष देत नाही. ज्याने जमीन विकली त्यालाही लेकीचं लग्न होतं, आणि घेणाऱ्यालाही बागेची हौस असते. पण हिशेब आपणच मांडला पाहिजे. एका जाळीला उन्हाळ्यात पाटीभर करवंदं निघतात. दुकानातल्या केकवर आणि पानात जी लाल 'चेरी' घालतात, ती पुष्कळदा रंगवून साखरेत मुरवलेलं करवंदच असतं. म्हणजे शहरात तेच फळ दुसऱ्या नावानं चांगल्या भावाला जातं आणि आपण ते वीस रुपयांना द्रोण देतो, तेही संध्याकाळ झाली की पंधराला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं मोठ्या फळाची 'कोकण बोल्ड' नावाची करवंदाची जात काढली आहे. म्हणजे शास्त्रज्ञांनाही या फळाची किंमत कळली आहे. आपल्याला कळायची राहिली आहे.

म्हणून आमच्या गटानं तीन कामं हाती घेतली, ती तुम्हालाही सुचवते.

पहिलं, मे महिन्यात चांगल्या, गोड, मोठ्या फळांच्या जाळ्या हेरून ठेवायच्या. त्यांचं पिकलेलं फळ चोळून बी काढायचं, धुवायचं आणि लगेच पिशवीत पेरायचं. करवंदीचं बी जुनं झालं की उगवत नाही. आमची पहिल्या वर्षी दोनशेवर रोपं झाली. ती आम्ही शेताच्या बांधावर लावतोय. फळ यायला तीन-चार वर्षं लागतील, पण तोवर कुंपण तर होईल. जनावर आत येणार नाही, आणि हे कुंपण कोणाचं मीठ अडवणार नाही.

दुसरं, कच्ची करवंदं फुकट जाऊ द्यायची नाहीत. कच्च्या करवंदात जेली घट्ट करणारा गुण भरपूर असतो, त्यामुळे बाहेरची पावडर न घालता जेली जमते. लोणचं तर आपल्या हातचंच आहे. एका उन्हाळ्यात दहा जणींनी मिळून केलं तर द्रोणाच्या भावापेक्षा बरं सुटतं.

तिसरं, डोंगराची जागा वनखात्याची असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात वनांत राहणाऱ्या आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या इतर लोकांना गौण वनउपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क आहे. करवंद त्यात येतं. त्यासाठी ग्रामसभेत बसावं लागतं, दावा लिहावा लागतो. ग्रामसभेला आपण गेलो नाही तर आपल्या वाटची जाळी कोण मांडणार?

आमच्या कुंड्यांतली आफ्रिकेची बहीण मात्र आम्ही काढून टाकली नाही. बिचारी दूरदेशाहून आली, आपल्या उन्हात तगली, फुलते आहे, तिचा काय अपराध? विश्रामगृहातल्या नराच्या फांद्यांना गुटी बांधून चार रोपं केली आहेत. ती एकेक करून कुंड्यांच्या रांगेत ठेवली आहेत. यंदा काडी-कापूस न घेता फळ धरतं का ते बघायचं आहे. रात्री फुलांवर पतंग येतात, हे मावशींनी कंदील घेऊन बसून पाहिलं आहे.

तुमच्या गावात करवंदीच्या जाळ्या किती उरल्या आहेत, हे या महिन्याच्या बैठकीत एकदा मोजा. कुठल्या उतारावर, कोणाच्या जमिनीत, कुठलं फळ गोड, ते इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवा. आपल्या आज्यांनी लिहिलं नाही, कारण त्यांच्या हातात पेन नव्हतं. आपल्या हातात आहे. नमस्कार.